एका धाग्याभोवती

माझ्याकडे एक काचपट्टी आहे. तीन इंच लांब, एक इंच रुंद. कडेला कोरलेला क्रमांक आता नीट लागत नाही. पॅथॉलॉजी शिकवायचो त्या वर्षांत ती कितीतरी मुलांच्या हातून फिरली. पोटावरच्या जुन्या ऑपरेशनच्या व्रणाखाली एक बारकी गाठ धरली होती. ती काढली, मेणात बसवली, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ काप घेतला आणि रंगवला. गाठीच्या मधोमध निघाला कापसाच्या दोऱ्याचा तुकडा. पेशंटचं नाव-गाव अशा काचेवर नसतं, नसावंही. पण चित्र मात्र आहे, आणि मी ते चित्र बघावं तसंच बघतो. आज ते तुमच्या सोबतीनं बघायचं आहे.

माझं लहानपण बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचं, म्हणजे कापसातलं. दिवाळीनंतर जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर लागायचे आणि हवेत तंतू तरंगायचे. या गावाला रेल्वे आली तीच कापसासाठी. जलंब ते खामगाव हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा १८७० साली सुरू झाला, आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात, बीला सरकी. वेचणी करून आलेल्या मायच्या बोटांना बोंडाच्या वाळल्या पाकळ्यांचे ओरखडे असायचे, आणि त्या ओरखड्यांवर चिकटवायला घरात पुन्हा कापूसच असायचा. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली हा धागा पहिल्यांदा दिसला तेव्हा मला आधी ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, आणि मग वाईट वाटलं. त्याच्याभोवती केवढी गर्दी होती!

आधी रंग बघा. एक निळसर जांभळा, एक गुलाबी. जांभळा हिमॅटॉक्सिलिनचा. तो मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतो आणि पेशींची केंद्रकं धरतो. गुलाबी इओसिनचा, तो पेशीच्या अंगावर आणि भोवतालच्या तंतूंवर बसतो. या दोन रंगांत सगळं अंग न्हाऊन निघालंय, फक्त मधला धागा कोरा राहिलाय. पिळाचे तंतू सुटून वेगळे झालेत. काही आडवे कापले गेलेत आणि वाटाण्याच्या चपट्या दाण्यासारखे दिसतात, मधे एक बारीक फट. ती फट म्हणजे तंतू जिवंत असताना ज्या पोकळीत पऱ्हाटीचा रस होता ती पोकळी. बोंड उकललं, ऊन लागलं, रस आटला आणि तंतू चपटा होऊन पिळला गेला. बुलढाण्याच्या उन्हाची खूण कुणाच्या तरी पोटात जशीच्या तशी टिकून राहिली, हे मला दरवेळी थांबवतं.

टिकली कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, आणि सेल्युलोजची साखळी तोडणारं विकर माणसाच्या देहात नाही. गाय गवत पचवते ती स्वतःच्या बळावर नव्हे, पोटातल्या जंतूंच्या. आपल्या मांसात तसं कुणी राहत नाही. म्हणजे हा धागा देहासाठी न संपणारा घास आहे. देहानं केलं काय, ते या चित्रात आहे.

पण चित्रात न दिसणारी पहिली ओळ आधी सांगायला हवी. ओल्या, रक्ताळलेल्या जागी परकी वस्तू पडली की पहिल्या काही सेकंदांतच तिच्यावर आपल्याच रक्तातल्या प्रथिनांचा थर चढतो. आधी येतं अल्ब्युमिन, कारण ते रक्तात मुबलक आणि चपळ. मग त्याला बाजूला सारत जड, सावकाश येणारी प्रथिनं जागा घेतात. त्यांत फायब्रिनोजेन असतं, आणि पुढे त्यालाही हलवणारं आणखी कुणी येतं. एकाच पाटावर पंगत उठावी आणि दुसरी बसावी, तसं. या अदलाबदलीला व्रोमान परिणाम म्हणतात. लिओ व्रोमान हा नेदरलंड्समध्ये जन्मलेला, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला रक्तशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या छावणीत कैदी होता, आणि डच भाषेत तो आधी कवी म्हणूनच ओळखला जातो. रक्त काचेला शिवतं त्या क्षणी काय घडतं हे कवीच्या नजरेला दिसलं, याचं मला नवल वाटत नाही.

या थराचा अर्थ फार मोठा आहे. देहाच्या पेशी कापूस कधी बघतच नाहीत, टायटॅनियम बघत नाहीत, प्लास्टिक बघत नाहीत. त्या बघतात त्यावर पसरलेली आपलीच प्रथिनं. ती कशी वळली, कुठला भाग वर आला, कुठला दुमडला. लोक सहज म्हणतात, ‘बॉडीनं रिजेक्ट केलं.’ दुसऱ्याची किडनी बसवली तर तो शब्द बरोबर आहे. तिथे परक्या पेशींवरच्या खुणा ओळखल्या जातात, आणि ती ओळख लक्षातही राहते. धाग्याच्या बाबतीत देह स्वतःचंच अक्षर परक्या कागदावर वाचतो आहे. कागद जसा, तसं अक्षर उमटतं, आणि मग वाचणाराही तसाच वागतो.

कापसाच्या कागदावर अक्षर जरा भडक उमटतं. सेल्युलोजच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते, आणि रक्तातली पूरक प्रथिनं, विशेषतः सी-३, त्यांना जाऊन चिकटतात. ही चिकटण म्हणजे पेशींना दिलेली हाक. याची सगळ्यांत ठळक साक्ष मिळाली डायलिसिसच्या खाटेवर. जुन्या डायलिसिस यंत्रांतला पडदा क्युप्रोफेन नावाच्या सेल्युलोजचा असे, आणि तो बनायचा सरकीवर उरलेल्या आखूड लवीपासून. रक्त त्या पडद्यावरून वाहू लागलं की पहिल्या पाव-अर्ध्या तासातच रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटायच्या, कारण त्या जागृत होऊन फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकायच्या. १९७०च्या दशकात हे कोडं उलगडलं, आणि पुढे कृत्रिम पडदे आले. जिनिंगमधून सरकीचे ट्रक बाहेर पडताना दिसले की मला आजही ती लव आठवते.

आता पुन्हा काचेकडे. धाग्याच्या तंतूंना अगदी चिकटून जे मोठे गुलाबी लोळ दिसतात, ते या चित्राचे नायक. प्रत्येक लोळ म्हणजे एकच पेशी, पण आत केंद्रकं वीस, तीस, कधी त्याहून जास्त. या महाकाय पेशी मुळात साध्या भक्षकपेशी होत्या, मॅक्रोफेज. एकटीच्या तोंडात मावेना म्हणून त्यांनी आपापल्या भिंती मोडल्या आणि त्या एक झाल्या. विद्यार्थ्यांना मी इथे थांबवून विचारायचो, केंद्रकं कशी मांडली आहेत ते सांगा. क्षयाच्या गाठीत ती कडेला घोड्याच्या नालेसारखी रांगेनं बसतात. परक्या वस्तूभोवती ती पेशीभर विस्कळीत पडलेली असतात. इथे ती विस्कळीत आहेत. एका ठिकाणी, उजव्या वरच्या कोपऱ्यात, एका महापेशीनं तंतूला तीन बाजूंनी कवळलंय आणि चौथी बाजू उघडी राहिलीय. त्या उघड्या बाजूवर दुसरी पेशी येऊन टेकलीय. दोघींमधे केसाएवढी रेघ आहे. त्या अजून एक झालेल्या नाहीत, होण्याच्या बेतात आहेत. सबंध पट्टीत मला ही जागा सगळ्यांत प्रिय आहे. फॉर्मॅलिननं नेमका तो क्षण धरून ठेवला.

अशा पेशी पहिल्यांदा धावताना पाहिल्या त्या इल्या मेचनिकॉव्हनं, १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे टोचले आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला होता. पुढे १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. येड्या बाभळीचा काटा पायात मोडला की आधी ठणका, मग लाली, मग पू, आणि काटा खोल राहिलाच तर महिन्या-दोन महिन्यांनी तिथे टणक गोळी. वरून रुईच्या झाडाचा चीक लावतात, बिब्बा तापवून लावतात. वर काहीही लावलं तरी आत देहाचं आपलं काम सुरूच असतं.

या पट्टीत पू नाही. पू म्हणजे न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. ते पहिल्या तासांत येतात, एक-दोन दिवस लढतात आणि मरतात. धागा निर्जंतुक होता म्हणून ते आले, पाहिलं आणि गेले; त्यांची जागा मॅक्रोफेजनी घेतली. म्हणजे मधून कडेकडे नजर नेताना आपण नुसतं अंतर कापत नाही, काळही कापतो. मधे दिवस आणि आठवडे. कडेला महिने, वर्षं. मॅक्रोफेजच्या बाहेर थोडे लिम्फोसाइट, काळ्या मोहरीसारखे. त्यांच्याबाहेर नव्या केशवाहिन्या, आत लाल पेशी एकामागे एक. आणि सगळ्यांत बाहेर कोलॅजनची भिंत.

या भिंतीवर मी नेहमी जास्त वेळ घालवतो. निरोगी कातडीतलं कोलॅजन टोपलीच्या विणीसारखं असतं, सगळ्या दिशांनी गुंफलेलं, म्हणून कातडी कशीही ओढली तरी परत येते. इथे मात्र सगळे धागे एकाच दिशेनं, गोलाकार, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. मधे ते विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींची लांबट केंद्रकं, होड्यांसारखी एका प्रवाहात. ही वीण ताण सहन करायला नाही, वेढायला आहे. देहानं ठरवलं की हा घास संपणार नाही, तेव्हा त्यानं त्याला एक खोली बांधून दिली.

आता प्रकाश बदलतो. सूक्ष्मदर्शकात ध्रुवणाचे फिल्टर सरकवले की सगळा देखावा काळा होतो, आणि त्या काळोखात फक्त दोन गोष्टी उजळतात. एक, कोलॅजनची भिंत, मंद, चंद्राच्या खळ्यासारखी. आणि दोन, कापसाचा धागा, लखलखीत पांढरा. सेल्युलोजचे रेणू इतक्या शिस्तीत रचलेले असतात की ते प्रकाश वळवतात. पेशी, केंद्रकं, ती सगळी धावपळ एका क्षणात दिसेनाशी होते. उरतात दोघंच. एक अविनाशी आणि एक त्याला वेढणारा. वर्गात हा दांडा सरकवला की पोरं हमखास ‘अरे!’ म्हणायची, आणि मला तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा शिकवावंसं वाटायचं.

याला कुठला रस म्हणावा? पहिल्यांदा पाहणारा बीभत्स म्हणतो, पाठ्यपुस्तक वीर म्हणतं: हल्ला, संरक्षण, सैन्य. मला दोन्ही पटत नाहीत. या चित्रात कुणी जिंकलेलं नाही, आणि कुणी हरल्याचा आकांतही नाही. मला दिसतो धीर, आणि त्याच्याखाली थोडी करुणा.

हे बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण हे कळायला तो लागलाच असं नाही. सुश्रुतानं शल्याची व्याख्याच देहाला पीडा देणारी वस्तू अशी केली, आणि सूत्रस्थानात रुतलेलं शल्य शोधण्याची रीत सांगितली: कातडीवर गोठलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावावा; जिथे तूप लवकर वितळेल, लेप लवकर सुकेल, तिथे शल्य. म्हणजे दाहाची ऊब हीच खूण. त्याच अध्यायात तो विरघळणाऱ्या आणि न विरघळणाऱ्या शल्यांत फरक करतो. सोनं, चांदी, तांबं, कथील, शिसं हे धातू फार काळ राहिले तर पित्ताच्या तेजानं विलीन होतात. शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड होत नाहीत. सोन्याबाबत तो चुकला. ते गंजत नाही. पण तांबं, शिसं देहात झिजतात, हे खरं, आणि लाकूड टिकतं, हेही खरं. लाकूड आणि कापूस रसायनानं सख्खे भाऊ. टाके घालायला त्यानं सांगितलेल्या धाग्यांत अश्मंतकाची सालही आहे. बहुतेक जाणकार अश्मंतक म्हणजे आपटा मानतात, आपण दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो.

कापसाचा दोरा मात्र आधुनिक शस्त्रक्रियेत पुन्हा मानानं आला तो १९३९च्या सुमारास, अमेरिकेत मीड आणि ओक्स्नर यांनी शिलाईच्या रिळावरचा दोरा टाक्यांसाठी सुचवला तेव्हा. स्वस्त, गाठ घट्ट बसणारा, उकळून घेतला की झालं. युद्धकाळात तो पुष्कळ वापरला गेला. माझ्या पट्टीतला तुकडा त्याच कुळातला, एका छोट्या दवाखान्यातल्या काटकसरीचा.

याच कापसाचं एक दुःखद रूपही आहे. ऑपरेशनमध्ये गॉझची घडी आत विसरली गेली, तर तिच्याभोवती जे होतं त्याला गॉसिपिबोमा म्हणतात: कापसाचं लॅटिन नाव गॉसिपियम, आणि लपण्याच्या जागेसाठी स्वाहिली शब्द बोमा. कधी पू होऊन ती लगेच कळते, कधी देह ती घडी निमूटपणे वेढून टाकतो आणि वर्षानुवर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत ती सापडते. कापसाच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हा शब्द टोचतो. जी वस्तू जखमेच्या तोंडावर सर्वांत कोमल, तीच जखमेच्या पोटात सर्वांत हट्टी.

कोमल होण्यासाठीही तिला आधी बदलावं लागतं. शेतातला कापूस पाण्यात टाका, तो तरंगेल. तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन, विरंजन करून तो थर काढला की मगच तो रक्त आणि पाणी पितो.

खामगावला कापसाइतकीच चांदीचीही ओळख आहे. रजतनगरी म्हणतात तिला. सराफ्यातली चांदी आणि ड्रेसिंगच्या ट्रेमधलं पांढरं मलम यांचा संबंध लोकांना चटकन जाणवत नाही. ते मलम म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, न्यूयॉर्कच्या चार्ल्स फॉक्स यांनी १९६८ साली भाजलेल्यांसाठी पुढे आणलेलं. चांदीचे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरून त्यांना मारतात. पण देहाच्या नव्या पेशीही त्यांना थोड्या घाबरतात, आणि मलमाखाली एक पांढरट साय धरते ती खरी खपली नसते. सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ वरवर भाजलेल्या रुग्णांवर या मलमाची मधाशी तुलना केली, आणि मधाच्या गॉझखालच्या जखमा लवकर निर्जंतुक झाल्या, लवकर भरल्या. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या, डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पानं. या तिन्ही कामांमागे मला एकच शहाणपण दिसतं: जखमेला चिकटून, सोलताना नवी कातडी उपटून नेणारं आवरण नको.

आपल्या घराघरांत आज जे परके पदार्थ मुक्कामाला आहेत, त्यांचीही एक-दोन ओळींत दखल घेतो. आजीच्या डोळ्यातलं भिंग: दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण शिरले आणि डोळा शांत राहिला, हे हॅरल्ड रिडले यांनी हेरलं आणि १९४९ साली लंडनमध्ये तसंच भिंग बसवलं. मोडलेल्या मांडीतला टायटॅनियमचा रॉड किंवा दाताखालचा स्क्रू: स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती, ती काढायला गेले तर हाड तिला सोडेना. तिथे भिंत उभी राहत नाही, हाड थेट धातूला भिडतं. मला हा निकाल आवडतो, पण माझ्या पट्टीतल्या धीराइतका तो मला हलवत नाही.

खरी वेगळी ओळ मला आमच्याच जिल्ह्यातल्या लोणारमध्ये सापडते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उल्कापातानं झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, आणि तळाशी खारं, अल्कली पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. पण त्याच्या दहा वर्षं आधी, २०१० साली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंडळींनी त्या पाण्यातल्या हॅलोमोनास कँपिसॅलिस या जीवाणूकडून एक बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, काढून त्याचे गुणधर्म नोंदवले होते. हे जीवाणू खाणं जास्त झालं की शरीरात पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटच्या कुळातले दाणे साठवतात, आपण चरबी साठवतो तसे. या पदार्थाचा धागा देहात गेला तर तिथेही आधी प्रथिनांचा थर चढेल, मॅक्रोफेज येतील. पहिला अंक तोच. पण साखळी हळूहळू तुटेल आणि हाती येईल मुख्यतः हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल, जे आपल्या रक्तात आधीपासूनच फिरतं आणि दिवसभराच्या निर्जळी उपवासात वाढतं. त्याच कुळातल्या एका बहुवारिकाच्या टाक्यांना २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली आहे. लोणारचं काम प्रयोगशाळेतलं आहे. पण एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत: खामगावचा धागा, जो देह कधीच संपवू शकत नाही, आणि लोणारचा, ज्याचं शेवटचं अक्षर देहाला पाठ आहे. माझं मत विचाराल तर टाक्यासाठी दुसरा श्रेष्ठ. चित्र मात्र पहिल्याचंच थोर.

बुलढाण्यातल्या, आणि कापूस पिकतो अशा कुठल्याही गावातल्या वाचकांना एक विनंती आहे. उघड्या जखमेवर घरचा सुटा कापूस ठेवू नका. त्याचे तंतू आत राहतात आणि मी वर्णन केलेलं सगळं तिथे सुरू होतं. जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा, वर विणलेला गॉझ किंवा धुतलेलं सुती कापड ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. जुन्या व्रणाखाली गोळी धरली किंवा टाक्याच्या जागेतून दोऱ्याचं टोक डोकावलं, तर ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ज्यांच्या अंगात रॉड, प्लेट किंवा भिंग आहे त्यांनी दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा. आत काय बसवलं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं.